जुन्या घराचा इतिहास कसा लिहावा: आधी राहणारे, मग मालक

गोव्यातल्या फोंडा-डिचोलीकडची मंडळी हल्ली माझ्याकडे कागदांची पिशवी घेऊन येतात. मला मोडी वाचता येते, आणि जुन्या पोर्तुगीज दस्तांशी बरीच वर्षं झटापट केल्यामुळे त्यांतलंही कामापुरतं कळतं. पिशवीबरोबरची मागणी ठरलेली: "काकी, आमच्या घराचा इतिहास लिहायचाय, तेवढी वंशावळ काढून द्या." वंशावळ मी काढून देते. पण तिच्यात कळतं ते घर कुणाच्या नावावर होतं एवढंच. त्या घरात चूल कोण पेटवत होतं, माडीवर कोण झोपायचं, आजारपणात कोण कुणाचं करायचं, यातलं काही वंशावळीत सापडत नाही. ते शोधायचं कसं, हे एकदाच लिहून ठेवते, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

नमुन्यासाठी एक परकं घर

सुरुवात आपल्या घरापासून करू नका. आपल्या घरात भावकी असते, वाटण्या असतात, त्यामुळे नजर लगेच मालकीकडे जाते. आधी एखादं लांबचं घर नीट समजून घ्या. मी डेन्मार्कमधलं घेते. माझी भाची कोपनहेगनला नोकरीला आहे. तिच्याकडे राहायला गेले तेव्हा तिनं मला उत्तरेकडे समुद्राच्या काठानं जाणाऱ्या गाडीत बसवलं. रुंगस्टेड क्युस्ट स्टेशनवर उतरून चालत गेलं की रुंगस्टेडलुंड नावाचं घर लागतं. समोर ओरेसुंडची सामुद्रधुनी, पलीकडे स्वीडन.

(डेन्मार्क म्हणजे अगदीच कुठलं तरी टोक, असं समजू नका. तमिळ किनाऱ्यावरची तरंगमबाडी १६२० ते १८४५ डॅनिश लोकांकडे होती. बंगालातलं श्रीरामपूरही त्यांचंच, आणि १८०५ साली मराठीचं एक सुरुवातीचं छापील व्याकरण निघालं ते त्या श्रीरामपुरातून.)

रुंगस्टेडलुंड मूळची रस्त्यावरची सराय. १७७३ ते १७७५ या काळात योहानेस एवाल्ड नावाचा कवी तिथे पाहुणा म्हणून राहिला. सांधे धरलेले, दारू सुटत नव्हती, खिसा रिकामा. सराय चालवणाऱ्या जाकोबसन कुटुंबानं त्याला सांभाळलं आणि तिथे त्याचा हात पुन्हा लिहिता झाला. त्या घराची एक वीटही त्याच्या नावावर नव्हती. तरी आज बागेतली टेकडी त्याच्या नावानं ओळखली जाते आणि घरातली एक खोलीसुद्धा.

१८७९ साली विल्हेल्म दिनेसन या लष्करी अधिकाऱ्यानं ती मालमत्ता विकत घेतली. त्याची मुलगी कारेन १७ एप्रिल १८८५ रोजी तिथेच जन्मली. ती दहा वर्षांची व्हायच्या आत, १८९५ साली, वडिलांनी गळफास घेतला. आई इंगेबोरनं पाच मुलं वाढवली. कारेन केनियाला गेली, तिथेच लग्न केलं, १९१४ पासून तिथे कॉफीच्या मळ्यावर राहिली, नवऱ्याशी काडीमोड झाला, मळा बुडाला, आणि १९३१ साली शेहेचाळिसाव्या वर्षी हात हलवत आईच्या घरी परत आली. आपल्याकडे याला माहेरी येऊन बसणं म्हणतात, आणि अशा बाईची नोंद घराच्या कुठल्याही कागदात नसते. ही माहेरी आलेली मुलगी म्हणजे पुढे जगभर वाचली गेलेली लेखिका कारेन ब्लिक्सन. लिहायला बसायची ती त्या एवाल्डच्याच खोलीत. तिच्या शेवटच्या वर्षांची हकिकत तर तिची सेक्रेटरी क्लारा आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या कारोलिने कार्लसन यांच्याशिवाय सांगताच येत नाही. १९५८ मध्ये घरासाठी न्यास झाला, त्या वर्षी कारेननं रेडिओवरून श्रोत्यांकडे माणशी एक क्रोन मागितला. ७ सप्टेंबर १९६२ रोजी ती गेली. एवाल्डच्या टेकडीच्या पायथ्याशी एका मोठ्या बीच झाडाखाली तिचं दफन झालं. १९९१ पासून घरात संग्रहालय आहे.

आता या घराची फक्त मालकांची यादी केलीत तर काय उरेल? सरायवाले, मधले काही जण, दिनेसन कुटुंब, मग न्यास. संपलं. कवी गेला, माहेरवाशीण गेली, स्वयंपाकीण गेली. आपल्या घरांच्या नव्वद टक्के इतिहासात हेच झालेलं असतं. (नव्वद हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, मोजलेला नाही.)

एका रात्रीची खानेसुमारी

डॅनिश लोकांचं एक बरं आहे. त्यांच्याकडे १७८७ आणि १८०१ साली सगळ्या देशाची नावनिशीवार खानेसुमारी झाली, आणि १८३४ पासून ती ठरावीक वर्षांनी होत गेली. घरातला प्रत्येक माणूस नावानं: वय, लग्न झालेलं की नाही, धंदा, आणि घरात त्याचं नातं काय. गाई धुणारी पोरगीसुद्धा यादीत असते. १८४५ पासून जन्मगावही लिहू लागले. ही पानं त्यांच्या राष्ट्रीय पुराभिलेखानं स्कॅन करून फुकट बघायला ठेवली आहेत. अक्षर जुन्या गोथिक वळणाचं आहे, मोडीइतकंच त्रासदायक, पण एकदा चाळून बघा. नजर तयार होते.

आपल्याकडे इतकी जुनी, घरवार यादी हाताशी येत नाही. तेव्हा ती आपणच करायची. घराच्या आयुष्यातली एक रात्र निवडा आणि त्या रात्री त्या छपराखाली कोण-कोण झोपलं होतं त्याची यादी करा. सगळ्यात सोपी रात्र १८ डिसेंबर १९६१ ची, भारतीय फौज गोव्यात शिरली तेव्हाची. त्या रात्री आपण कुठे होतो हे सत्तरीच्या पुढच्या प्रत्येक गोंयकाराला आठवतं. बाणस्तारीचा पूल उडवल्याचा आवाज, घाबरून वळईत नेऊन बांधलेली गुरं, कुणाला कुठे झोपवलं होतं, सगळं. दुसरी चांगली तारीख १६ जानेवारी १९६७, ओपिनियन पोलची, म्हणजे गोवा महाराष्ट्रात जावा (फूल) की वेगळा राहावा (दोन पानं) या मतदानाची. तीही सगळ्यांना आठवते, फक्त फूल की दोन पानं हा विषय जेवणाआधी काढू नका.

यादीत रकाने चारच ठेवा: नाव, अंदाजे वय, घराशी नातं, झोपायची जागा. चौथा रकाना वगळू नका. "रामा गडी होता" एवढ्यावर आठवण थांबते. "रामा कुठे झोपायचा?" विचारलं की "वसरीवर (ओसरीवर), पावसात मात्र कोठीच्या खोलीत, कारण त्याला खोकला होता" असं बाहेर पडतं. माणसाला जागा मिळाली की पाठोपाठ त्याची गोष्ट येते.

"घराचा इतिहास सांगा" असं विचारलंत की समोरचा माणूस ताठ बसून पूर्वजांचा पराक्रम सांगू लागतो. त्यापेक्षा विचारा: न्हाणीत पाणी कोण भरायचं? सकाळचा पहिला चहा कुणाला? बाळंतिणीची खोली कुठली? वार लावून जेवायला कोण यायचं? मुलांना मोडी-मराठी शिकवायला मास्तर घरी राहायचे का, आणि त्यांचं जेवण कुणाच्या पंगतीला? पोर्तुगीज अमदानीत मराठी शिकवणीचं कितीतरी काम असल्या घरगुती मास्तरांनी केलंय. त्यांतल्या बहुतेकांची नावं ज्या घरांत ते वर्षानुवर्षं जेवले त्या घरांनाही सांगता येत नाहीत.

घरच्या लोकांआधी मुंडकारांकडे, म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या कुटुंबांकडे जा. माशेलकडच्या एका घराच्या वेळी घरचे चार भाऊ मला सांगत होते, आमच्याकडे तेव्हा आम्हीच होतो, बाहेरचं कुणी नाही. मागच्या कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) म्हाताऱ्या मुंडकारणीला विचारलं, "बाय, तेव्हा घरात कोण-कोण होतं गो?" ती बोटं मोजायला लागली आणि दोन्ही हात संपले. चार भावांच्या यादीत नसलेली एक आत्या, बांद्याकडून शिकायला आलेला एक मुलगा, आणि आंधळे झालेले एक कीर्तनकार जे पावसाळ्यापुरते आले आणि राहूनच गेले. भाऊ खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी ही माणसं ‘घरची’ नव्हती, एवढंच.

कागद: कुठून सुरू करायचं

कागदात मागे मागे जायचं असतं, पुढे पुढे नाही. आजचा कागद हातात घ्या. शहराबाहेर असाल तर तो एक-चौदाचा उतारा, ज्याला सगळे ‘वन-फोर्टीन’ म्हणतात, आणि सोबत सर्व्हेचा नकाशा. कब्जेदारांच्या रकान्याखाली थांबू नका. कुळांचा आणि इतर हक्कांचा रकाना वाचा. मुंडकारांचा कायदा १९७५ चा आहे. मामलेदार कचेरीत मुंडकारांची नोंद असेल तर तीही काढा, कारण तुमच्या घराच्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबाचं नाव त्यांच्या नावानं लिहिलेला पहिला सरकारी कागद बहुधा तोच असतो.

त्याच्या मागे पोर्तुगीज काळातली मात्रीज आणि कोन्सेर्वातोरियाची नोंद. मात्रीज करासाठी, कोन्सेर्वातोरिया हक्कासाठी. कोन्सेर्वातोरियाच्या वर्णनात मिळकतीच्या चतुःसीमा असतात, आणि माझ्या मते खरं धन तिथे आहे. पूर्वेला अमक्याचं भाट (माडांची बाग), दक्षिणेला तमक्याच्या वारसांचं घर. तुमच्या घराची नोंद सापडत नसेल तर शेजाऱ्याची शोधा. त्याच्या चतुःसीमेत तुमचे पणजोबा उभे असतील. वेगवेगळ्या वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्यात तर शेजारी कधी बदलले, ‘अमका’ कधी ‘अमक्याचे वारस’ झाला, हे दिसतं. मृत्यूचं साल असं दुसऱ्याच्या कागदातून अंदाजता येतं.

नावं वाचताना कान वापरा, डोळे नव्हेत. पोर्तुगीज लेखनिकानं ऐकलं तसं लिहिलंय. विठ्ठलचा विटोल होतो, प्रभूंचा पोरोब, भटांचा बोट, कामतांचं कामोतीं. एक्स हे अक्षर दिसलं की ‘श’ वाचा, क्यू-यू असं जोडीनं आलं की ‘क’ समजा. मोठ्यानं उच्चारलं की आपला माणूस सापडतो.

विक्रीचे आणि गहाणाचे दस्त जरूर काढा. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरली जाते, आणि बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला स्थावर विकता येत नाही. म्हणून गोव्याच्या दस्तांत बायका नावानिशी हजर असतात. घाटावरच्या माझ्या मैत्रिणींना याचं फार आश्चर्य वाटतं. त्यांच्या जुन्या कागदांत पणजीचं नाव शोधायला जावं तर ‘भ्रतार अमुक’ एवढ्यावर समाधान मानावं लागतं.

आणि मग इन्व्हेंटारिओ. कुणी वारलं, वारसांत वाटणी करायची, की कोर्टात मालमत्तेची यादी होते. जमिनींची पानं असतातच, पण घरातल्या वस्तूंचीही यादी असली तर ती सावकाश वाचा. डेन्मार्कमध्ये जुन्या घरांचं वर्णन आगीच्या विम्याच्या मूल्यांकनात सापडतं: घराची बाजू किती खणांची, छप्पर कशाचं, खिडक्या किती, शेगड्या कुठे. आपल्याकडे ते काम इन्व्हेंटारिओ करतो, वेगळ्या वाटेनं. तांब्याचे हंडे, समया, शिसवी पलंग, भाताची कोठी, प्रत्येकाची किंमत. असल्याच एका यादीत देवघरातली भांडी संपल्यावर एक ओळ होती: मयताच्या विधवा बहिणीची लाकडी पेटी, रिकामी, किंमत नाही. त्या बहिणीचं नाव वंशावळीत नव्हतं, दस्तांत नव्हतं, एक-चौदावर असण्याचा प्रश्नच नव्हता. त्या घरात ती राहत होती याचा लेखी पुरावा म्हणजे एक रिकामी पेटी. तिचं नाव पुढे श्राद्धाच्या वहीतून मिळालं. ती वही काय असते ते खाली सांगते.

जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी गोव्यात सर्व धर्मांच्या लोकांसाठी १९१४ पासून मिळतात. ख्रिश्चन कुटुंबांना त्याआधीचं चर्चच्या पुस्तकांतून मिळतं, हिंदू घरांना दुसरे रस्ते शोधावे लागतात. गावकरीचे (गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेचे) कागद, वांगडांची (तिच्यातल्या मूळ घराण्यांची) नावं, देवस्थानाच्या महाजनांची यादी हे त्यांतले मुख्य. जुनं सगळं शेवटी पणजीच्या पुराभिलेखात जाऊन मिळतं. ते दफ्तर १५९५ सालचं आहे आणि त्याचा पहिला रखवालदार इतिहासकार दियोगु द कौतु होता. तिथे जाताना गावाचं नाव पोर्तुगीज वळणानं लिहून न्या आणि ‘सगळं दाखवा’ म्हणू नका. साल आणि कागदाचा प्रकार सांगितलात तर लोक मदत करतात.

एक भूगोल लक्षात ठेवा. तिसवाडी, बार्देस, साष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेला मुलूख. फोंडा पोर्तुगीजांकडे आला १७६३ मध्ये, डिचोली, सत्तरी, पेडणं १७८१ ते १७८८ च्या दरम्यान. म्हणजे फोंड्यातल्या घराचा १७२० सालचा पोर्तुगीज दस्त कुणी दाखवला तर आधी चष्मा पुसा. त्या काळचा कागद मोडीत, नाहीतर कानडी वळणाच्या लिपीत असेल.

मोडी कागदावरची तारीख काढणं अवघड नाही. शके असेल तर ७८ मिळवा. कधीकधी अरबी शब्दांत सुहूर सन (मराठी दप्तरातली एक जुनी कालगणना) असतो: ‘सबा सितैन मया व अलफ’ म्हणजे सात, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६७. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. इथे १७६६-६७ आलं. पैशांवरूनही अंदाज बांधता येतो. इश्कुदांत (पोर्तुगीज चलनात) हिशेब असेल तर तो कागद १९५९ च्या सुमाराचा किंवा नंतरचा, त्याआधी रुपये होते.

माळ्यावरची भांडी आणि भटजींची वही

कचेरीत जायला वेळ नसेल तर निदान हे दोन दिवसांचं काम करा. माळ्यावरची पितळी-तांब्याची सगळी भांडी खाली काढा आणि कडा बघा. कासारानं टिंबांनी कोरलेली नावं असतात. लग्नात मिळालेल्या पातेल्यावर देणाऱ्याचं नाव, गावाचं नाव, कधी शके. सुनेची माहेरची बाजू कुठली, हे घरात कुणालाच सांगता येत नसतं आणि तपेल्याच्या काठावर ते कोरलेलं असतं. टिंबं झिजली असतील तर चिंच लावून घासू नका. कोरड्या फडक्यानं पुसून त्यावर खडूची भुकटी हलकेच फिरवा, अक्षरं वर येतात. मग उजेड बाजूनं पडेल असा फोटो काढा.

दुसरी गोष्ट म्हणजे घराच्या भटजींची वही. श्राद्धात बापाच्या बाजूच्या तीन पिढ्या, आईच्या बाजूच्या तीन, आणि तर्पणात काका, आत्या, मावश्या, भावंडं, ज्यांना दुसरं कुणी उरलं नाही अशी सगळी नावं घेतली जातात. चांगला भटजी यजमानांची ही नावं लिहून ठेवतो. रिकाम्या पेटीवाली बहीण मला तिथे भेटली. नाशिक-त्र्यंबकला किंवा गोकर्णाला कुणी पूर्वज गेला असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यातही त्याच्या हातची नोंद निघू शकते. जाताना कुलदेव आणि मूळ गाव पक्कं सांगता आलं पाहिजे, नुसतं आडनाव पुरत नाही.

भिंतींची साक्ष

कागद आणि माणसं झाल्यावर घर बघा. आधी घर बघितलंत तर जे वाटेल ते कागदात दिसायला लागतं.

राजांगणापासून सुरू करा. तुळशीवृंदावन मध्यावर आहे का? नसेल तर चौकाची एक बाजू नंतर पडली किंवा वाढवली असणार. मातीच्या भिंतीला चिऱ्यांची भिंत जिथे भिडते तिथे जोड दिसतो. तो जोड नकाशावर काढा. खण मोजा. कौलं उतरवून उलटी करून बघा. मंगळूरला बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये, आणि अशा कौलांवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. अर्थात त्यावरून छपराचं वय कळतं, घराचं नव्हे. आधी तिथे साधे नळे असतील, त्याआधी गवत. शिंपल्यांच्या खिडक्या उरल्या असतील तर त्यांची मापं घ्या आणि कृपा करून त्या जागी अॅल्युमिनियमच्या सरकत्या बसवू नका. हे इतिहासाच्या कामात बसत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दंतकथांचं काय करायचं

त्या लिहायच्या, पण वेगळ्या रंगात. रुंगस्टेडबद्दलही सांगतात की स्वीडनचा राजा बारावा कार्ल १७०० साली तिथे उतरला होता. त्या वर्षी तो फौजेसह जवळच हुम्लेबेकला किनाऱ्यावर उतरला हे पक्कं. सरायीत झोपला का, ते सांगणाऱ्यांवर सोडावं. आपल्याकडे शिवाजीमहाराज किंवा संभाजीमहाराज ओसरीवर बसून गेले नाहीत असं घर विरळा. महाराजांनी नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये केला, तिथे शिलालेख आहे. संभाजीमहाराज १६८३ मध्ये फोंड्याच्या वेढ्यावर धावून आले हेही खरं. तुमची ओसरी तेव्हा होती का, हा प्रश्न मात्र वेगळा, आणि बहुतेक वेळा चिरे त्याचं उत्तर देतात. "देवाबरोबर रातोरात नदी ओलांडून आलो" ही, पोर्तुगीज मुलखातून देव घेऊन पळाल्याची कथा असेल तर मूळ गावाच्या गावकरीत तुमचं आडनाव कुठे बसतं ते आधी पाहा. ती कथा बऱ्याचदा खरी निघते.

जपून लिहायचं ते

जुन्या घरांशी जोडलेल्या कलावंत घराण्यांतल्या बाया, ‘यजमान’ (त्यांचे आश्रयदाते), त्यांची मुलं. आडातलं पाणी आणि त्यात गेलेली सून. वेड लागलेला काका. बहुतेक घरांचे इतिहास इथे येऊन एकदम सण-उत्सवांकडे वळतात. डॅनिश घराचं चरित्र वडिलांनी गळफास घेतला हे सरळ सांगतं, आणि त्याशिवाय मुलीचं पुढचं आयुष्य कळलंच नसतं. तेव्हा मेलेल्यांचं खरं लिहा. पण ज्यांची मुलं-नातवंडं हयात आहेत त्यांच्याकडे आधी मजकूर वाचायला घेऊन जा. आपल्या घरच्या नातवंडांकडे तर जाच, आणि त्या दुसऱ्या घरच्यांकडे आधी जा. त्यांनी नको म्हटलं तर नाव काढा, घटना ठेवा. त्यांनी हवं म्हटलं आणि आपल्या घरच्यांना ते खटकलं, तर मी त्यांच्या बाजूची.

भांडणातल्या घराचं एक वेगळं. वाटणीचा दावा चालू असेल तर पहिल्या पानावर स्पष्ट लिहा की हा मजकूर हक्कासाठी लिहिलेला नाही, आणि सगळ्या बाजूंना एकाच दिवशी एकच प्रत द्या. वकिलाला विचारून घेतलेलं बरं.

लिहायची पद्धत, थोडक्यात

पिढीवार लिहू नका, खोलीवार लिहा. देवकूड, माजघर, कोठी, वसरी, माडी, न्हाणी, मागचं कुळागर. प्रत्येक खोलीखाली तिथे राहिलेली, राबलेली, मेलेली माणसं सालानुसार. मालक आपोआप त्यांच्या खोलीत येतात आणि बाकीच्यांएवढीच जागा घेतात. वंशावळ शेवटी एका पानावर जोडा. प्रत्येक विधानामागे कंसात कुठून कळलं ते दोन शब्दांत: दस्त, भांडं, श्राद्धाची वही, मुंडकारणीनं सांगितलं. तोंडी माहिती दस्ताहून हलकी असं धरू नका, फक्त वेगळी ओळखू येऊ द्या.

कागद हाताळताना प्लास्टिकचं लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. आपल्या हवेत दोन्ही कागद खातात. सुती कापडात गुंडाळा, भिंतीला न टेकलेल्या कपाटात ठेवा, पावसाळा संपला की सावलीत उघडून हवा द्या, वाळवी बघा. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, पाठची बाजूही घ्या. किती जण पाठ विसरतात! शेरे, पावत्या, सगळं पाठीवर असतं.

प्रती निदान तीन करा. डेन्मार्कमध्ये १८१४ पासून चर्चची नोंदपुस्तकं दोन-दोन ठेवायचा नियम झाला, आणि दोन्ही पुस्तकं एका छपराखाली रात्रभर राहता कामा नयेत असंही ठरवलं. एक जळालं तर दुसरं राहावं म्हणून. आपणही तसंच करावं: एक प्रत घरात, एक लग्न होऊन गेलेल्या मुलीकडे, एक पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, जे १८३२ पासून असली कागदपत्रं सांभाळत आलंय. मुंडकारांच्या घरीही एक द्या. त्यांचंही नाव आत आहे ना? आणि मूळ कागद मुंबईच्या भावाला "जरा बघून परत देतो" म्हणाला म्हणून देऊ नका. त्याला फोटो पाठवा.